कडेचं हिरवं

आमच्या मायक्रोस्कोपच्या खोलीत कुणी न विचारता ट्यूबलाइट लावली, की मी आजही वसकन ओरडते. त्या केंद्रातल्या निम्म्या लोकांनी माझं तोंड नीट पाहिलेलं नाही, आवाज मात्र सगळ्यांनी ऐकलेला आहे. मिरजेत एका दवाखान्याला जोडून असलेलं छोटंसं संशोधन केंद्र ते. तळघरातली एक खोली, खिडक्या बुजवलेल्या, भिंतींना काळा रंग आणि मधोमध हवेच्या गाद्यांवर ठेवलेल्या जड टेबलावर तो मायक्रोस्कोप. टेबल हवेवर, कारण मिरज पडलं जंक्शन. मालगाडी निघाली की जमीन हलते आणि चांगलं जुळत आलेलं चित्र फिसकटतं. गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा मला स्टेशनमास्तरइतक्या पाठ झाल्या होत्या.

माझं काम सांगायला सोपं आहे. संशोधन करणारी मुलं आपापल्या पेशी काचेच्या तळाच्या बशीत घालून आणतात आणि मी त्या दाखवून देते. पेशी नुसती बघितली तर पाण्यासारखी, काही कळत नाही. म्हणून ज्या प्रोटीनचा माग काढायचा, त्याला एका जेलीफिशकडून उसनं घेतलेलं हिरवं प्रोटीन जोडून देतात. त्यावर निळा लेझर टाकला की ते हिरवं चमकतं. मग आपलं प्रोटीन पेशीत कुठे बसलंय, कुठे निघालंय ते दिसतं. आमचा मायक्रोस्कोप तो प्रकाश एका बारीक छिद्रातून घेतो, त्यामुळे वरखालचा धुरकटपणा गळून जातो आणि काकडीच्या चकतीसारखा पेशीचा एकेक पातळ काप पडद्यावर येतो.

फक्त एक गोष्ट आहे. जितकं बघाल, तितकं ते विझतं. प्रकाशाखाली चमक हळूहळू मरते आणि एकदा गेली की परत येत नाही. म्हणून माझ्या खोलीत हौसेनं बघणं चालत नाही. कामापुरतं बघायचं आणि प्रकाशाच्या वाटेतलं झाकण पाडायचं. ‘शटर पाड!’ हे माझे शब्द इतके गाजले की कँटीनमध्ये गप्पा लांबल्या तर पोरं एकमेकांना ‘शटर पाड’ म्हणायची. मला ते ऐकू यायचं. राग यायचा आणि थोडं बरंही वाटायचं.

संशोधन करायला आलेली औंधकडची एक मुलगी पहिल्यांदा खोलीत आली तीच मोबाइलचा टॉर्च लावून. मी ओरडले. एखादी रडली असती. ही म्हणाली, “मॅडम, अंधारात धडपडून तुमच्याच मशिनवर पडले असते, मग?” तेव्हापासून ती माझी लाडकी. अर्थात तसं मी तिला कधी कळू दिलं नाही. तिला मी ‘औंध’ अशीच हाक मारायची. तीही मला चिडवायची. मी जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारी. पण तळघरात दिवस मावळलेला कळणार कसा? मग हीच वरून येऊन वर्दी द्यायची, “मॅडम, सूर्य खाली आलाय, डबा उघडा.”

औंधजवळच्या एका गावातलं तिचं घर. आजोबा फौजेत, वडील फौजेतून निवृत्त झालेले. धाकटा भाऊही जाणार, हे तो जन्मला तेव्हाच ठरलेलं. तो यमाईच्या डोंगराच्या पायऱ्या पळत चढायचा, भरतीसाठी. गावात त्याच्यापुढे कुणी नव्हतं. मग एका हिवाळ्यात त्याला चवड्यावर उभं राहता येईना. पुढे पायऱ्या चढताना कठडा लागायला लागला. घरच्यांना वाटलं, पोरगं टाळाटाळ करतंय. वडिलांनी मारलं म्हणे. मिरजेत आणून तपासलं तेव्हा कळलं की त्याच्या स्नायूंचा आजार जन्मापासूनचा आहे, फक्त उशिरा वर आलाय. आणि त्यावर औषध नाही. मुलगी तेव्हा एम.एस्सी. संपवत होती. तिनं ठरवलं, पीएच.डी. करायची ती यावरच.

आपण चालतो, उठतो, बसतो, तेव्हा स्नायूच्या पेशींच्या कडेला बारीक चिरा पडत असतात. त्या बुजवणारं एक प्रोटीन असतं. तिच्या भावाच्या शरीरात ते तयार होतं, पण त्याची घडी नीट बसत नाही. पेशी असल्या कच्च्या मालाला कडेपर्यंत जाऊच देत नाही, आतच अडवून ठेवते. चिरा तशाच राहतात आणि स्नायू झिजत जातो. तिनं भावाच्या रक्तात सापडलेली नेमकी तीच चूक असलेलं प्रोटीन घेतलं, त्याला हिरवं शेपूट जोडलं आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्नायूपेशींत घातलं. एका रसायनानं ती घडी सुधारेल, अशी तिच्या गाइडना आशा होती. माणसाला द्यायचं औषध व्हायला त्याला अजून बरीच वर्षं लागली असती. पण आम्ही सगळे त्याला औषधच म्हणायचो.

औषधाविना पेशी कशी दिसते, ते आम्ही आधी बघून घेतलं. पेशीच्या मध्याजवळ हिरवा गोळा, आणि कड काळी. कितीही पेशी बघा, तेच. ती पहिल्यांदा पडद्याकडे बघून म्हणाली, “हे बघा माझ्या भावाचं. दारापर्यंत आलंय आणि कुणी कडी काढंना.” मी शटर पाडलं आणि म्हटलं, “भावाचं नंतर, आधी फोकस बघ.” मला असलं ऐकवत नाही, म्हणून मी अशी बोलते.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी ट्रॅक्टरपासून दवाखान्यातल्या एक्स-रे मशिनपर्यंत सगळ्यांना हळदीकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते. मायक्रोस्कोपलाच काय म्हणून वगळायचं? सांगलीत हळदीच्या पेठेत माझ्या वडिलांची अडत होती, तिथे दसऱ्याला काटा पुजायचे. त्यामुळे पूजेला माझा विरोध नव्हता. माझी अट एवढीच, की भिंगाच्या आसपास बोट न्यायचं नाही, हळदीकुंकू लावायचं ते टेबलाच्या पायाला. पूजा करायला पुढे झाली औंध. तिनं नेटकेपणानं पायाला बोटं ओढली, माळ घातली आणि फ्रीझरमधून औषधाची छोटी बाटली काढून मायक्रोस्कोपपुढे ठेवली. “त्याला कशाला?” मी विचारलं. “ते बी हत्यारच की, मॅडम,” ती म्हणाली. डोळे मिटून बराच वेळ हात जोडून उभी होती. मी पेढा खाऊन वर गेले.

दसऱ्याची सुट्टी संपवून तिनं औषध घातलेल्या बश्या आणल्या. मी लेझर लावला, काप जुळवला, आणि दोघीही पडद्याकडे झुकलो. कड हिरवी होती. एका पेशीची नव्हे, सगळ्यांची. मधला गोळा थोडा फिकट झालेला आणि पेशीभोवती हिरवी रेघ. मी दुसरी बशी लावली. तेच. तिसरी लावेपर्यंत तिनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते.

“पोचलं,” ती म्हणाली. “मॅडम, पोचलं की!”

मी तिला सावध राहायला सांगायला हवं होतं. एरवी सांगितलं असतं. पण मलाही आनंद झाला होता, अगदी पोरकट आनंद. मी चक्क ट्यूबलाइट लावली. ती पळत वर गेली, तळघरात मोबाइलला रेंज नसते. मी मागोमाग जिना चढेपर्यंत तिनं ते चित्र भावाला पाठवलंही होतं आणि फोनवर ओरडत होती, “आरं बघ रं! तुझंच हाय ते! कडंला पोचलंय!” पलीकडून काहीच आवाज येईना. नंतर तिनं सांगितलं, तो रडत होता.

त्यानं ते चित्र मोबाइलच्या पडद्यावर लावलं. आईनं यमाईची ओटी भरली. गावात पेढे वाटले. औषध अजून उंदरालाही दिलेलं नाही, माणूस तर लांबच, हे औंधनं घरी सांगितलं होतं. पण ऐकणाऱ्यांनी त्यातलं हवं तेवढंच ऐकलं. भाऊ पुन्हा सकाळी उठून व्यायाम करायला लागला. त्या आजारात जास्त जोर लावणं वाईट. तिनं फोनवर दरडावलं तर म्हणाला, “औषध यील तवा पाय तयार नगं व्हय?”

पुढचे काही दिवस आम्ही चित्रं घेत होतो आणि माझ्या मनात काहीतरी टोचत होतं. कडेचं हिरवं लवकर विझायचं. फार लवकर. मधला गोळा कितीतरी वेळ चमकत राही आणि कड मात्र बघता बघता मावळे. एकच प्रोटीन, एकच हिरवं शेपूट, मग दोन्हीकडे विझण्याचा वेग वेगळा कसा? मी स्वतःला कारणं दिली. कड पातळ असते, तिथे माल कमी असणार. कारणं देताना मला कळत होतं की मी कारणं देतेय.

आमच्या मायक्रोस्कोपला एक महागडी सोय होती, जी सहसा कुणी वापरत नसे. लेझरचा अगदी क्षणिक झोत मारायचा आणि तो थांबल्यावर चमक किती टिकते ते मोजायचं. हे टिकणं सेकंदाच्या इतक्या बारीक तुकड्यात असतं की त्याची कल्पनाही करता येत नाही, पण प्रत्येक चमकणाऱ्या वस्तूचं ते ठरलेलं असतं. रंगावरून दोन हिरवी सारखी दिसतील, टिकण्यावरून नाही. ही सोय चालवायचं शिक्षण मी घेतलं होतं. एका दुपारी औंध जेवायला गेली असताना मी तिच्या बशीवर ते लावलं. चित्रात जास्त टिकणारं नारिंगी दिसतं, कमी टिकणारं निळं. हळूहळू चित्र भरत गेलं. गोळा नारिंगी आला. कड निळी आली.

म्हणजे कडेला होतं ते तिच्या भावाचं प्रोटीन नव्हतं. काहीतरी वेगळंच चमकत होतं.

मग मी साध्या पेशी घेतल्या, ज्यात हिरवं काही घातलेलंच नव्हतं. त्यांना औषधाच्या बाटलीतला थेंब दिला. त्यांची कड चमकली. मला वाटलं, औषधच चमकणारं असावं. म्हणून गाइडच्या कपाटात तेच औषध कोरड्या स्वरूपात होतं, त्यातलं थोडं नव्यानं विरघळवलं आणि तेही देऊन बघितलं. कड काळी. म्हणजे चूक औषधात नव्हती, त्या बाटलीत होती. मी बाटली उजेडात धरली. औषध मुळात फिकट पिवळं, त्यामुळे कुणाला संशय आला नसता. बाटलीतलं जरा जास्तच पिवळं होतं. मी टोपण फिरवलं. टोपणाच्या आट्यांत बारीक पिवळी कणी बसली होती.

हळदीच्या पेठेत वाढलेल्या पोरीला हळद ओळखायला मायक्रोस्कोप लागत नाही. आमच्या घरात सगळे कपडे पिवळे असायचे, वडिलांच्या कानाच्या पाळ्यासुद्धा. हरिपूरच्या पेवांतून, जमिनीखालच्या त्या खोल कोठारांतून, माल वर आला की गल्लीभर तो वास असायचा. आणि कुणाही बाईला माहीत असतं की हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो. मी कागदावर बाटलीतला थेंब सोडला आणि वर साबणाचं पाणी. थेंब लाल झाला. हळद पाण्यात विरघळत नाही, पण औषधासाठी वापरतात त्या द्रवात क्षणात विरघळते. तिच्यातलं पिवळं निळ्या प्रकाशाखाली हिरवं चमकतं आणि पेशीच्या कडेला जाऊन चिकटतं. हे पुस्तकात होतं, मी वाचलेलंही होतं. औषधाविनाच्या बश्यांत घालायचा द्रव दुसऱ्या बाटलीतला, म्हणून त्या स्वच्छ राहिल्या होत्या.

ती जेवून आली ती हसत. मी तिला बसायला सांगितलं. मी कुणाला बसायला सांगत नाही, त्यामुळे तिचा चेहरा तिथेच बदलला. मी निळी-नारिंगी चित्रं दाखवली, लाल झालेला कागद दाखवला, टोपण दाखवलं. ती उसळली.

“तुमाला कुणाचं चांगलं बघवतच न्हाई! कुणाला इचारून माझ्या बशीला हात लावला?”

“ओरड,” मी म्हटलं. “पण बघ.”

“काय बघू? रोज बघतीय की मी. सगळ्यांनी बघितलं, गाइडनी बघितलं. तुमालाच तेवढं दिसत न्हाई.”

रागानं लाल झालेली ती पुन्हा त्या टोपणाकडे वळली, आट्यांवरून नख फिरवलं आणि नखाकडे बघत राहिली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, “आईनं दिली हुती. यमाईच्या पायावरची. म्हणाली, औषधाला लाव. मी टोपणाला चिमूट लावली आणि कपाळाला लावली. पुसायचं ध्यानात होतं, पण देवीची म्हणून पुसवंना.”

मला तिच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. तिनं दुसऱ्या कुठल्या मशिनची केली असती तर ती नुसती पूजा झाली असती. इथे तिनं सगळ्यात जास्त जीव जिथे लावला होता, नेमकं तिथेच बोट ठेवलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला ते नीट जमत नाही, हात कुठे ठेवायचा तेच कळत नाही.

गाइडना तिनं स्वतः जाऊन सांगितलं. ते फार बोलले नाहीत. स्वच्छ बाटलीतून सगळं पुन्हा करायचं ठरलं. त्या दिवसांत ती इतके वेळा हात धूत होती की कातडं सुटलं. आशा मात्र तिनं सोडली नव्हती. हळदीमुळे कड चमकली हे खरं, पण त्याखाली औषधानंही काही केलं असेल, हळदीच्या चमकेत ते झाकलं गेलं असेल, असं ती म्हणायची. शास्त्राच्या हिशेबानं ते चूक नव्हतं. मीही तीच आशा धरून होते. औषधाचं प्रमाण वाढवलं, वेळ वाढवला. बशीमागून बशी लावली. पेशीच्या मध्याजवळ हिरवा गोळा, आणि कड काळी.

यातलं काही तिनं घरी सांगितलं नव्हतं. आणि भावाच्या तपासणीची तारीख आधीच लागलेली होती. तो आणि आई एस.टी.नं विटा-तासगाव करत मिरजेला येणार होते आणि तपासणी झाली की खाली येऊन ते हिरवं स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होते. आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली.

“मॅडम, जुनी बशी हाय एक. हळदीची. तीच दाखवूया का?”

“नाही.”

“एकदाच. लांबून येतोय तो. मग मी सांगीन हळूहळू.”

“नाही,” मी म्हटलं. मग म्हटलं, “तुझा भाऊ आहे. तू दाखव हवं तर. मी खोलीत थांबणार नाही.” ती वळली आणि गेली. दाखवणार की नाही, मला कळलं नाही. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोघं आली. तळघराचा जिना उतरताना भावानं एका हातानं कठडा धरला होता आणि दुसरा हात बहिणीच्या खांद्यावर. उंच, रुंद खांद्याचा मुलगा, वरून बघितलं तर भरतीत पहिला उभा राहील असा. हातातल्या मोबाइलवर तेच चित्र. आई मागे, डोक्यावर पदर, हातात पिशवी. तिनं मला वाकून नमस्कार केला, मला लाजल्यासारखं झालं. मी खोलीबाहेर जायला निघाले तर औंध म्हणाली, “मॅडम, थांबा.” टेबलावर नवी बशी होती. गोळ्याची.

तिनं भावाला खुर्चीत बसवलं आणि उभ्यानंच सांगितलं. एका दमात, त्याच्याकडे न बघता. “पहिल्यांदा दिसलं ते खरं नव्हतं. माझ्या हातनं चूक झाली हुती. परत केलं, नीट केलं. औषधानं काय झालं न्हाई.” हळदीचं नाव तिनं घेतलं नाही. आईला ते कळू द्यायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं, आणि मीही मनातल्या मनात कबूल केलं.

बोलली ती आई. “पैल्यांदा हळद लावली हुतीस न्हवं, मी दिल्याली?”

“व्हय.”

“आन दुसऱ्या डावाला?”

औंधनं मान खाली घातली.

“लावली न्हाईस.” आईचा चेहरा एकदम उजळला. “मग कसं व्हईल, बाई? लावली तवा पोचलं, न्हाई लावली तवा न्हाई पोचलं. ह्यात काय अवघड हाय? हे बघ, मी आणलीया.” तिनं पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि सोडायला लागली.

त्या काळ्या खोलीत ती पुडी उघडत होती. ती म्हणत होती ते अक्षरशः खरं होतं. हळद लावली की कड चमकेल. उद्या लावा, परवा लावा, दर वेळी चमकेल. मी औंधकडे बघितलं. शेवटी तिनं आईचे दोन्ही हात पुडीसकट धरले.

“आई, ते हिरवं हळदीचंच हुतं.”

“म्हंजी?”

“हळद चमकती त्या दिव्याखाली. हळदच पोचली हुती कडंला. त्याचं न्हाई पोचलं.”

आईनं हात काढून घेतले. पुडी पुन्हा बांधली, नीट, घड्या जुळवून, आणि पिशवीत न ठेवता कमरेला खोचली. “माझ्याच हातनं व्हय,” एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून खाली बसली. लेक तिच्याजवळ बसली. कुठलीशी मालगाडी गेली, टेबल सोडून सगळी खोली थरथरली.

भाऊ मात्र मायक्रोस्कोपकडे बघत होता. “बाई,” तो मला म्हणाला, “हितं आता काय हाय?”

“तुझं आहे. खरं.”

“बघू?”

मी पडद्यावरचं चित्र लावलं नाही. पडद्यावर सगळेच बघतात. मी त्याला नळीला डोळे लावायला सांगितले, दिव्याचा प्रकाश सोडला आणि भिंग जुळवलं. तो वाकून बसला.

“ह्यो गोळा माझा?”

“हो.”

“म्हंजी हाय की,” तो म्हणाला. “मला वाटलं हुतं, माझ्यात न्हाईच. हाय, पर बाहीर यीना झालंय.” आणि बघत राहिला. एव्हाना माझ्या तोंडून ‘शटर पाड’ निघायला हवं होतं. माझा हात झाकणाच्या दांड्यावर होता. तो मी तसाच ठेवला. औंध आईजवळून उठून आली होती, तिलाही ठाऊक होतं काय होतंय ते, पण तिनंही काही म्हटलं नाही. दोघी त्याच्या पाठीकडे बघत उभ्या राहिलो.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे चोळले आणि पुन्हा लावले. “अंधार झाला, बाई. मी काय मोडलं का?”

“नाही रे. बघून बघून विझतं ते.”

तो झटक्यात मागे सरला. बहिणीकडे वळला, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्याचा चेहरा खरोखर कावराबावरा झालेला मला दिसला. “आक्का, आदी सांगायचं न्हाईस का? तुला लागलं असतं की ते कामाला. मी संपवलं.”

“हाय रं,” ती म्हणाली, “अजून हाय. लय हाय.” आणि मग तिला रडू आवरेना.